चौथा बाजार

मागच्या महिन्यात राजुरीला गेले तेव्हा मळ्यातल्या आमच्या जुन्या पत्र्याच्या घरामागचं परसदार जेसीबीने उकरून ठेवलं होतं. नव्या घराचा पाया तिथून जाणार आहे. मातीच्या ढिगावर सकाळचं ऊन पडलं होतं आणि त्यात काहीतरी हिरवं चमकलं. उचलून पुसलं तर काचेची गोटी. पायाने माती सारत गेले तशा आणखी तीन सापडल्या, एक निळी आणि दोन हिरव्या. गवंड्याने विचारलं, "ताई, ल्हानपणी लई गोट्या खेळायच्या का तुमी?" खेळायचे, आणि जिंकायचेही. पण या गोट्या शेवटी गेल्या त्या टर्कीच्या पिलांच्या पाण्यात. हे त्याला सांगत बसले असते तर त्याचं काम राहिलं असतं, म्हणून नुसतं हो म्हणाले.

आमचं परसदार तसं काही मोठं नव्हतं. एका अंगाला गोठा, दुसऱ्या अंगाला कांदाचाळ, मधे शेवग्याचं झाड आणि त्याच्या बुंध्याशी आईने दगडमातीत बांधलेलं खुराडं. सकाळी त्याची फळी सरकवली की आधी वास बाहेर यायचा, पिसांचा, ओल्या भुशाचा, रात्रभर कोंडलेल्या उबेचा. मग मान वाकडी करत एकेक कोंबडी. आई त्यांना 'ती-ती-ती' करून बोलवायची. आई गेली तेव्हा मी दहा वर्षांची होते. त्यानंतर मी बोलवायला लागले, तिच्याच आवाजात, आणि कोंबड्या यायच्या. मला तेवढं पुरायचं नाही, पण त्या यायच्या.

आई कशाने गेली आणि नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दुसरं लग्न का केलं, यात मला शिरायचं नाही. त्या वयात मला ते कुणी सांगितलं नव्हतं आणि आता विचारून काय करायचं आहे?

लोणीकरीण आली ती मार्गशीर्षात, एका छोट्या टेम्पोतून. लग्न तिकडे लोणीच्या देवळातच आटोपलं होतं. टेम्पोत एक पत्र्याचं कपाट, एक गादी आणि बांबूच्या मोठ्या डालग्याखाली कोंडलेले दोन पक्षी. डालगं उचललं तशी आमची सगळी कोंबडी कलकल करत गोठ्यात पळाली. अर्धवट वाढलेले, काळपट, टकल्या मानेचे, गिधाडासारखे दिसणारे ते दोघे अंगणात उभे राहून आमच्याकडे बघत होते. तिच्या वडिलांना असल्या पाखरांचा नाद होता. त्यांनी लेकीला हीच जोडी दिली होती. हौसाकाकू, शेजारच्या मळ्यातल्या, तोंडावर पदर धरून म्हणाल्या, "बाई गं, रुखवतात लाडू आणत्यात. हे काय आणलं?" लोणीकरीण हसली. "टर्की हाय ती काकू. लई गरीब असत्यात."

तिचं नाव अर्थातच लोणीकरीण नव्हतं. आमच्याकडे सुनेला तिच्या माहेरच्या गावावरून ओळखतात. वस्तीवर एक ओतूरकरीण होती, एक बेल्हेकरीण होती. माझ्या आईला सगळे आणेकरीण म्हणायचे. ही लोणीची म्हणून लोणीकरीण झाली. बाकीच्यांचं काम भागलं. प्रश्न माझा होता. हौसाकाकू म्हणाल्या, "मावशी म्हण." पण माझी खरी मावशी आण्याला, आईच्या माहेरगावी होती, तिचं नातं मी दुसऱ्या कुणाला कसं देऊन टाकू?  नानांना अवघड वाटलं की ते गुरांना पाणी दाखवायला उठायचे.

आमच्यात आईला तू म्हणतात. बापाला तुम्ही, गुरुजींना तुम्ही, पावण्यांना तुम्ही, पण आईला तू, देवाला तू आणि कोंबडीला तू. लोणीकरणीला तू म्हटलं असतं तर ती आईच्या जागेवर बसली असती. तुम्ही म्हणावं तर मान दिल्यासारखं झालं असतं, आणि तोही मला द्यायचा नव्हता. म्हणून मी दोन्ही टाळलं. "पाणी तापलं का?" "भाकरी झाली का?" "नानांनी बोलावलंय." "बाजारातून येणं झालं का?" क्रियापदाचं शेपूट असं वळवायचं की ते समोरच्याला कुठेही चिकटू नये. शाळेत व्याकरणात मी जेमतेम पास व्हायचे, घरी मात्र पंडित होते. सव्वा वर्षात माझी एकदाही चूक झाली नाही.

तिला हे कळत होतं. ती भाकरी थापत असायची, माझं वाक्य अर्ध्यावर आलं की तिचा हात क्षणभर परातीवर थांबायचा. पुढे 'आलीस' येतंय की 'आलात' येतंय, ते ऐकायला. दोन्ही यायचं नाही. मग हात पुन्हा चालू व्हायचा. मला ते दिसायचं आणि, खोटं कशाला बोलू, बरं वाटायचं. ती मात्र मला ताई म्हणायची. "ताई, वेणी घालू का?" मी म्हणायचे, "घातलीय." वाकडीतिकडी का होईना, माझी मी घातलेली असायची.

टर्की वाढले तसे त्यांचे रंग बाहेर आले. नराचं नाव नानांनी फौजदार ठेवलं. शेपटीचा पंखा उभारून, पंखांची टोकं जमिनीवर खर्रर्र घासत तो अंगणात गस्त घालायचा. चोचीवर एक लाल मांसल शेंडी लोंबायची, आणि राग आला की निळं डोकं लाल व्हायचं. गावात आवई उठली की आमच्या मळ्यात मोर पाळलाय. दोनचार माणसं मुद्दाम येऊन बघून गेली आणि निराश होऊन चहा पिऊन गेली. हमरस्ता आमच्यापासून दोन शेतं लांब. आळेफाट्याकडे निघालेल्या ट्रकने हॉर्न दिला की फौजदार मान पुढे ताणून 'ग्लगग्लगग्लग' असं उत्तर द्यायचा. एसटीला द्यायचा, शाळेच्या घंटेला द्यायचा. नाना शिंकले तरी द्यायचा, आणि नाना त्याला "गप की रे" म्हणून पुन्हा शिंकायचे.

परसदाराची सकाळ लोणीकरणीने हळूहळू बदलली. आई मूठभर बाजरी फेकायची आणि जिच्या नशिबात असेल ती खायची. लोणीकरीण पाळी लावायची. मक्याचा भरडा ताकात कालवायची, त्याला आंबूस गोड वास यायचा. कोंबड्यांना गोठ्याच्या अंगाला, टर्कींना शेवग्याखाली. त्यांना हिरवं लागायचं. लसूणघासाची जुडी बांधून ती शेवग्याच्या फांदीला त्यांच्या मानेच्या उंचीवर टांगायची. जुडी झुलायची, टर्की झुलत्या जुडीला टोचे मारायचे आणि आमच्या ठेंगण्या कोंबड्या खाली उड्या मारायच्या, एखादं पान पडलं तर. कापलेल्या घासाचा वास आजही कुठे आला तरी मला ते टोचे ऐकू येतात. दिवस कलायच्या आत सगळ्यांना आत घ्यायचं, कारण पलीकडच्या उसात बिबट्याचा वावर. फौजदार शेवटपर्यंत आत यायचा नाही. मग ती त्याला म्हणायची, "चल रे राजा, तू थोरला ना?" तिचा हा 'तू' मी कान देऊन ऐकायचे. इतका सोपा होता तो तिला.

पहिल्या उन्हाळ्यात मादीने अंडी उसात घातली आणि मुंगसाने खाल्ली. दुसऱ्या वर्षी लोणीकरणीने तिच्यावर नजर ठेवली आणि एकेक अंडं उचलून धान्याच्या कणगीत जपलं. कोंबडीच्या अंड्याहून मोठी, टोकदार, तपकिरी ठिपक्यांची. फाल्गुन सरता सरता आमची काळी खुडूक बसली. रिकाम्या कोपऱ्यात अंग पसरून बसून राहिली, कुणी जवळ गेलं की पिसं फुलवून कुरकुरायची. काळी माझ्या आईची. आईच्या हातची तेवढी एकच कोंबडी उरली होती.

"ताई, काळीखाली टर्कीची अंडी ठिवू का?" लोणीकरणीने विचारलं. "टर्कीण जड असती, अंडी फोडती. काळी चांगली बसंल."

"ठेवायची तर ठेवावीत," मी म्हणाले.

सोमवारी, बेल्ह्याच्या बाजाराच्या दिवशी, तिने टोपल्यात राख पसरली, वर भुसा, त्यावर आठ अंडी. कोपऱ्यात कोळशाचा एक तुकडा आणि गंजका खिळा ठेवला, आभाळ गडगडलं तर अंडी बिघडू नयेत म्हणून. तो खिळा बघून मी चमकले. आईही असाच ठेवायची, आणि मला वाटायचं ते फक्त आईलाच माहीत होतं. पुढच्या सोमवारी लोणीकरणीने त्याच टोपल्यात कोंबडीची दोन अंडी आणखी सरकवली. का, ते मी विचारलं नाही. विचारायचं तर वाक्य वळवत बसावं लागलं असतं. हौसाकाकू डोकावल्या आणि म्हणाल्या, "बिचारी, परक्याची अंडी उबवती." लोणीकरीण घरात गेली. काळीला त्याचं काही नव्हतं, ती डोळे अर्धे मिटून बसली होती.

आमच्या घरात कोंबडीचे दिवस कुणी बोटावर मोजत नसे. आई बाजार मोजायची. अंडी सोमवारी ठेवायची, मग एक बाजार, दोन बाजार, तिसऱ्या बाजाराला पिलं. प्रत्येक बाजाराला खुराड्याच्या दगडावर कोळशाची एक रेघ. तीन रेघा झाल्या आणि पिलं निघाली नाहीत तर अंडी गेली समजायचं आणि कोंबडीला उठवायचं, नाहीतर ती मुकाट बसून राहते आणि खाण्यापिण्यावाचून वाळते. हे मला आईने शिकवलं होतं. आईने शिकवलेलं फार थोडं माझ्याजवळ उरलं होतं, आणि जे होतं त्यावर माझा भरवसा पक्का होता.

तिसऱ्या बाजाराच्या आदल्या शनिवारी लोणीहून निरोप आला आणि लोणीकरीण वडिलांना भेटायला निघाली. पायात चप्पल सरकवत ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "काळीला कुणी उठवू नका. चौथ्या बाजाराला निघत्यात ती." मी ऐकलं. आणि मनात म्हणाले, हिला एवढंसुद्धा कळत नाही. कोंबडी कधी चार बाजार बसते का?

सोमवार आला. मी तिसरी रेघ ओढली आणि दिवसभर टोपल्याशी कान लावून बसले. काही टिकटिक नाही, चिवचिव नाही. मंगळवारी सकाळची शाळा सुटल्यावर पुन्हा पाहिलं. काळीचा तुरा पांढरट पडला होता, छातीचं हाड हाताला लागत होतं.  आईची कोंबडी त्या बाईच्या नासक्या अंड्यांपायी मरणार, असं मला अगदी स्वच्छ दिसलं. मी तिला उचललं. आईची रीत मला ठाऊक होती. खुडूक मोडायला कोंबडीला गार पाण्यात बुचकळतात. गोठ्यातल्या हौदात मी तिला दोनदा बुडवलं. तिने नखांनी माझा हात ओरबाडला. मग तिला डालग्याखाली कोंडलं, पुढ्यात बाजरी टाकली आणि अंड्यांचं टोपलं उकिरड्यावर न्यायला म्हणून दारात आणून ठेवलं. फेकवेना मात्र. दोनदा उचललं आणि दोनदा खाली ठेवलं.

दुपारी दोनच्या सुमाराला लोणीकरीण आली. बेल्ह्यापर्यंत जीप आणि पुढे एसटी, तोंड उन्हाने लाल. हौसाकाकू तिच्याबरोबरच फाट्यावरून चालत आल्या होत्या. तिने दारातलं टोपलं पाहिलं, डालग्याखालची ओली काळी पाहिली, आणि हातातली पिशवी तिथेच खाली ठेवली.

"काळीला कुणी उठवलं?"

"मी. तीन बाजार झाले."

"चार सांगितलं व्हतं ना, ताई. टर्कीला चार लागत्यात."

तिचा आवाज चढलाही नव्हता. तेच मला सहन झालं नाही. आपलं चुकलंय हे एका क्षणात कळलं आणि त्याच क्षणी ते कबूल करायचं नाही असंही ठरलं. मी ओरडले, "तू कोण मला सांगणारी? माझ्या आईची कोंबडी आहे ती! तुझी नाही! तुला काय कळतं?"

फौजदाराने गोठ्यामागून ग्लगग्लग करून उत्तर दिलं.  हौसाकाकूंनी कपाळाला हात लावला. "अगं त्वांड आवर! थोरल्या माणसाला तू म्हणतीस?"

लोणीकरीण माझ्याकडे बघत होती. आता मुस्कटात बसणार म्हणून मी गाल आधीच आवळून धरला.

"ऱ्हाऊ द्या काकू," ती म्हणाली. "म्हणू द्या तिला."

मग तिने टोपलं उचललं आणि मला म्हणाली, "इकडं ये. दार लाव."

आमच्या पत्र्याला खिळ्याचं एक भोक होतं. दार लावलं की दुपारी त्यातून उन्हाची एक काडी सरळ खाली यायची. ती त्या उन्हाखाली बसली. मुठीत एक अंडं असं धरलं की जाड टोक वर आणि बाकी सगळं बोटांत झाकलेलं. ऊन अंड्यावर पडलं आणि अंडं आतून पेटलं, तांबडं. "बघ." मी वाकले. बारीक शिरा होत्या. खाली काळं, भरलेलं काहीतरी, आणि वरच्या पोकळ कडेला ते काळं एकदम हललं. आतून कुणी अंग चोरल्यासारखं.

"जित्तं हाय," ती म्हणाली. "ऊन व्हतं म्हणून वाचलं. दुसरं दे."

मी एकेक अंडं तिच्या हातात देत गेले. दुसरं हललं. तिसरं हललं तेव्हा मी रडायला लागले. अंडं हातात धरून रडता येत नाही, म्हणजे येतं, पण डोळे पुसता येत नाहीत. लोणीकरणीने माझ्या हातातलं अंडं काढून घेतलं, तिच्या पदराने माझं नाक पुसलं आणि पुढचं अंडं उन्हात धरलं. आठातली सहा हलली. दोन कशी आहेत ते कळलं नाही. कोंबडीची दोन तिने नुसती कानाशी धरली आणि ठेवून दिली.

मग आम्ही वाटण्या केल्या. अंडी तिच्याकडे, काळी माझ्याकडे. ती अंडी घोंगडीत गुंडाळून मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसली, लोणीहून आल्यापासून पाणीसुद्धा न पिता. मी काळीला उन्हात धरून तिचं एकेक पीस कोरडं केलं, तिला बाजरी भरवली, तिची माफी मागितली. दिवस कलताना काळी कुरकुरली. टोपलं पुढे ठेवलं, तर आधी लांब उभी राहिली, मग एक पाय आत, मग दुसरा, आणि चोचीने अंडी पोटाखाली ओढून घेतली. नाना शेतातून आले तेव्हा आम्ही दोघी खुराड्यासमोर उकिडव्या बसलो होतो. "काय झालं?" त्यांनी विचारलं. "काय न्हाई," ती म्हणाली.

तिने सांगितलं नाही. कधीच नाही.

चौथ्या बाजाराला, नाना बेल्ह्याला निघायच्या आधीच, टोपल्यातून चिवचिव ऐकू आली. टर्कीची सहा पिलं आणि कोंबडीची दोन. तेव्हा मला आठवडाभराने ठेवलेल्या त्या दोन अंड्यांचा अर्थ कळला. टर्कीच्या पिलाला खाणं कळत नाही. दाणा पायाखाली असतो आणि ते त्यावर उभं राहून उपाशी ओरडतं, तसंच मरूनही जातं. कोंबडीचं पिलू मात्र निघाल्याबरोबर टोचायला लागतं, आणि त्याचं बघून ही शिकतात. म्हणून बरोबर त्याच दिवशी निघतील अशी ती दोन मास्तरं तिने पाठवून ठेवली होती.

"तरी लई मंद असत्यात," ती म्हणाली. "चमकतं त्याला तेवढी चोच मारत्यात. तुझ्याकडं गोट्या हायेत का गं?"

मी माझा गोट्यांचा डबा आणून दिला. पाण्याच्या ताटलीत तिने चारपाच गोट्या टाकल्या, पिलं गोटीला टोचा मारायची आणि चोच ओली व्हायची. खाणं आम्ही हाताने शिकवलं. उकडलेलं अंडं बारीक कुस्करायचं, त्यात कांद्याची हिरवी पात अगदी राईएवढी चिरून घालायची, बोटांच्या चिमटीत धरून डोळ्यांपुढे हलवायची. कितीतरी वेळ पिलू नुसतं बघत राहायचं. मग अचानक चोच उघडायचं. अंडं, पात आणि पिलांच्या ऊन अंगाचा वास माझ्या बोटांना शाळेतही यायचा. एक पिलू तिसऱ्या दिवशी मान टाकून गेलं, ते शेवग्याखाली पुरलं. पाच राहिली.

आणि मी? मी पुन्हा माझ्या व्याकरणात जाऊन बसले होते. आता ते हट्टाने नव्हतं. तोंडून गेलेल्या त्या 'तू'ची इतकी लाज वाटत होती की त्या शब्दाच्या जवळपासही जायची हिंमत होत नव्हती. "पात चिरून झाली का?" "पिलांना पाणी ठेवलंय." तिचा हात माझ्या वाक्याच्या शेवटाशी अजूनही थांबायचा. आता ते बघून मला बरं वाटत नव्हतं. अजिबातच नाही.

या वेळी राजुरीला होते तेव्हा मी तिला या सगळ्याबद्दल विचारलं. तिने पन्नाशी ओलांडली आहे, गुडघे दुखतात, टर्की केव्हाच गेले, तीन कोंबड्या आहेत आणि त्यांचं खुराडं आता लोखंडी जाळीचं आहे. फौजदारानंतर ट्रकला उत्तर द्यायला आमच्याकडे कुणी उरलं नाही. तिने थोडा वेळ आठवल्यासारखं केलं. "भांडण? आपलं? मला न्हाई आठवत बाई. आठ अंडी व्हती, सहा निघाली, एक गेलं, पाच जगली. येवढं आठवतं." मला माहीत आहे की तिला सगळं आठवतं. मी पुढे विचारलं नाही.

तो वैशाख मात्र मला दिवसासकट आठवतो. पिलं महिन्याची झाली होती, मानेवर पिसं फुटत होती. दुपार होती, नाना जेवून कांदाचाळीत आडवे झाले होते. ती विळीवर पात चिरत बसली होती आणि मी समोर भरडा कालवत होते. पाचही पिलं आणि दोन मास्तरं आमच्या पायांत घोटाळत होती.

"ताई," ती विळीकडेच बघत म्हणाली, "एक बोलू का?"

मी मान हलवली.

"त्या दिशी कशी म्हणाली व्हतीस मला."

माझे कान तापले. मी म्हणाले, "चुकलं माझं. फार वाईट बोलले मी."

"ते न्हाई गं." ती चिरायची थांबली. "कोंबडी तुझ्या आईचीच हाय. ते खरंच बोललीस तू. मी दुसरं म्हणतीय. तू म्हणालीस मला. सव्वा वरीस मी वाट बघितली, तू न्हाई तर न्हाई, तुमी तरी म्हणशील. काय बी म्हणशील. आन मग त्या दिशी म्हणालीस. मी एसटीतनं उतरून उन्हातनं आले व्हते, समोर ती अंडी, आन मला रागच येईना." तिने पदर डोळ्यांना लावला, पण हाताला कांद्याची पात लागलेली होती, डोळे आणखीच झोंबले आणि ती हसायला लागली. "रागानं म्हण. भांडून म्हण. मला चालंल. पर परत त्या तुझ्या बिननावाच्या बोलण्यात नको जाऊ. लई एकटं वाटतं."

एवढी मोठी बाई माझ्याकडे हे मागत होती. मी तेरा वर्षांची होते. माझ्याजवळ कुणाला देण्यासारखं काही असेल असं मला कधी वाटलंच नव्हतं. आई आठवली. तिचं काही कमी होईल का, असा विचार आला आणि बराच वेळ राहिला. पिलं भरड्याच्या भांड्यावर चढत होती. मी त्यांना बाजूला करत राहिले, कारण हातांना काहीतरी करायला हवं होतं. तोंडात शब्द होता आणि तो बाहेर यायला वाट मागत होता. नुसता कसा म्हणायचा ते कळेना. त्याच्यापुढे काहीतरी लागतं. मी तिच्याकडे पाहिलं. सकाळपासून चुलीशी, मग गोठ्यात, मग इथे, ओठ कोरडे पडलेले.

"तू जेवलीस का?" मी विचारलं.

तिने मान हलवली. नव्हती जेवली. मी हात धुतले आणि आत जाऊन तिचं ताट वाढलं.